हाताला दोष देण्याआधी कप मोजा

'काही जणींच्या हातालाच नसतं हो.' बसलेल्या केककडे बघून केकच्या क्लासच्या बाई हे सगळ्यांसमोर म्हणाल्या. माझ्या हाताच्या पुरणपोळ्या सासरी-माहेरी मागून नेतात. माझा अनारसा तुपात सोडल्यावर हसत नाही. दिवाळीत शेजारणी चकलीची भाजणी माझ्याकडून बघून घेतात. त्या हाताला हे ऐकावं लागलं, तेही आगाऊ फी भरून. नव्याने केक शिकणाऱ्या आणखी कुणाला हे वाक्य ऐकावं लागू नये, म्हणून लिहिते आहे. आणि मनात साचलंय ते एकदा बाहेर पडावं, म्हणूनही.

कागदावरची कृती साधी होती. अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क, म्हणजे २०० ग्रॅम, सव्वा कप मैदा, लहान चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, ६० ग्रॅम वितळलेलं बटर, थोडं पाणी, व्हॅनिला. बिनअंड्याचा नेहमीचा स्पंज. क्लासमध्ये त्यांनी केला तेव्हा छान फुगला. मी घरी केला की कडेने उभा राहायचा आणि मध्ये खड्डा. खड्ड्याखाली खव्यासारखा चिकट थर. पुन्हा केला, पुन्हा तेच. मी कागदातली एकही ओळ सोडली नव्हती, चाळणीने मैदा तीनदा चाळत होते, ओटीजी आधी तापवत होते.

बाईंना केक किंवा त्याचा फोटो दाखवला की दर वेळी नवं कारण मिळायचं. आधी हात. मग ओव्हन, 'मी सांगते त्या कंपनीचा घ्या.' मग म्हणाल्या, पुण्याची हवाच केकला मानवत नाही, मुंबईला असं होत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. उंचीमुळे केकच्या कृतीत बदल करावे लागतात ते सर्वसाधारणपणे ९०० मीटरच्या वर गेल्यावर. महाबळेश्वरला, १,३०० मीटरच्या वर, सोडा-पावडर थोडी कमी करावी लागते हे खरं. पुण्यातल्या आमच्या कोथरूडमध्ये नाही. पण त्या वेळी मी ते ऐकून घेतलं, कारण शिकवणाऱ्याला उलट बोलायची आपल्याला सवय नसते.

उलगडा झाला तो घरीच. मुलीने कॉफीसाठी डिजिटल वजनकाटा आणला होता. ती म्हणाली, 'आई, त्या कपात पाणी भर आणि तोल. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, कपात किती मावतं ते कळेल.' क्लासच्या किटमध्ये आलेला गुलाबी प्लास्टिकचा कप होता, दांड्यावर 'एक कप' असं ठळक कोरलेला. काट्यावर ठेवला, शून्य केलं, काठोकाठ पाणी भरलं. आकडा आला २००.

मी तो आकडा बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. क्लासमध्ये बाईंच्या हातात काचेचा कप असायचा, २४० मिलीला लाल रेघ असलेला. मी तेव्हाच विचारलं होतं, 'आमचा कप वेगळा दिसतोय, चालेल ना?' सगळ्यांसमोर उत्तर मिळालं होतं, 'अहो, कप तो कप. दोन्ही एकच.' ते एकच नव्हतं.

आता यात नेमकं काय बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण हे कुणी सांगत नाही. सगळंच साहित्य कपाने मोजलं असतं तर छोट्या कपाने छोटा केक झाला असता, प्रमाण तेच राहिलं असतं. पण इथे कंडेन्स्ड मिल्क डब्याने, बटर ग्रॅमने, सोडा चमच्याने आणि फक्त मैदा कपाने. २४० मिलीच्या कपाने सव्वा कप चाळलेला मैदा साधारण १४० ग्रॅम भरतो. २०० मिलीच्या कपाने तो ११५-१२० ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम मैदा कमी, आणि बाकी सगळं पूर्ण. कंडेन्स्ड मिल्कमध्ये ४० टक्क्यांहून जास्त नुसती साखर असते. साखर जास्त आणि मैदा कमी झाला की केकच्या भिंती उशिरा घट्ट होतात. सोड्याचा वायू केकला वर तर उचलतो, पण त्याला धरून ठेवायला मैद्याचं शिजलेलं पीठ तयार नसतं. मग मधला भाग, जो सगळ्यात शेवटी शिजतो, तो खाली बसतो. माझा केक दर वेळी अगदी असाच बसत होता. मैदा काट्यावर १४० ग्रॅम तोलून घेतला, बाकी त्यांच्याच कागदाप्रमाणे केलं, आणि केक सपाट, मऊ, सगळीकडे सारखा उभा राहिला. त्याच हाताने.

मी बाईंना फोन केला. भांडायला नाही, कप बदला, पुढच्या बॅचला तरी सांगा, एवढंच म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, 'तुम्ही फार खोलात जाता. एवढा ताप कशाला, माझं प्रीमिक्स घ्या, कधीच बिघडणार नाही.' तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. क्लासमध्ये प्रत्येक बसलेल्या केकनंतर प्रीमिक्सची पाकिटं बाहेर यायची. त्यांच्या प्रीमिक्सचं पाकीट मी आणून बघितलं. मैदा, साखर, दूध पावडर, बेकिंग पावडर. आणि मागे छापलेलं, इतके ग्रॅम मिश्रण, इतके मिली पाणी, इतके ग्रॅम बटर. कप नाही कुठे. ज्यांना ग्रॅम कळतात, त्यांनीच आम्हाला कप दिले होते. हे मी क्लासच्या ग्रुपवर लिहिलं, कपाच्या वजनाच्या फोटोसकट. तासाभरात मला ग्रुपमधून काढून टाकलं. फीचे पैसे तर गेलेच. पण ग्रुपमधल्या दोघींनी नंतर फोन करून सांगितलं की त्यांचेही कप २०० चेच निघाले, आणि त्यांनाही हाताचंच ऐकवलं गेलं होतं.

आपल्या स्वयंपाकाला अंदाज चालतो, याचं कारण आपण अडाणी आहोत हे नव्हे. भाजणी मळली की आपण पहिली चकली तळून बघतो. तेलात विरघळली तर पीठ वाढवतो, कडक झाली तर मोहन वाढवतो. आमटी चाखतो. सुधारायला वाव असतो. केक एकदा ओव्हनमध्ये गेला की हात लावता येत नाही, चाखता येत नाही. म्हणून तिथे आधीच मोजावं लागतं. हे ज्याने समजावून सांगितलं नाही, त्याने शिकवलं नाही असंच मी म्हणेन.

तेव्हा पहिली खरेदी ओव्हनची नको, वजनकाट्याची करा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो. कृती कपात असेल तर ती कुठली आहे ते बघा. अमेरिकी कृतीत कप साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातल्या कृतीत २५० चा, आणि तिथला मोठा चमचा २० मिलीचा असतो, आपल्याकडे वापरतात तो १५ चा. मैद्याचा कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो, चमच्याने हलका भरून सुरीने सपाट केला तर १२०-१२५ भरतो. साखरेचा कप मात्र २०० ग्रॅम. त्यामुळे 'एक कप' हे वजन नाही हे लक्षात ठेवा. कंडेन्स्ड मिल्कचा डबा कितीचा आहे तेही लेबलवर वाचा, 'अर्धा डबा' वर विसंबू नका.

बेकिंग पावडर आणि सोडा एकमेकांऐवजी वापरता येतात का, हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. नाही. सोड्याला फुगायला आंबट लागतं. दही, ताक, लिंबू, व्हिनेगर. पावडरमध्ये ते आंबट आधीच मिसळलेलं असतं, वर थोडा कॉर्नफ्लोर. सोडा तिच्या तीन-चारपट तीव्र, म्हणून पावडरच्या जागी तेवढाच सोडा घातला तर केक साबणासारखा लागतो आणि काळपट होतो. आणि दही-सोड्याचं मिश्रण एकत्र झालं की ते तसंच ठेवू नका. भांडं आधी तूप लावून तयार, ओव्हन आधी तापलेला, आणि मगच दही घाला. फोन आला म्हणून मिश्रण ओट्यावर राहिलं की वायू निघून जातो. पावडर जुनी आहे का ते कळायला चमचाभर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर चांगली. सोडा लिंबाच्या रसात टाकून बघा. आपल्या पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, पावडरचा उघडा डबा लवकर निकामी होतो. छोटा डबा घ्या, कोरड्या चमच्याने काढा.

ओव्हनच्या बटणावरचे आकडे खरे मानू नका. १८० वर ठेवलेला ओटीजी आत १६० असू शकतो किंवा २०० सुद्धा. आत ठेवायचा छोटा तापमापक मिळतो, तो घ्या. नवा ओव्हन विकत घेण्यापेक्षा फार स्वस्त पडतो, आणि 'अमुक कंपनीचाच घ्या' म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळतं. ओटीजी असेल तर केकसाठी वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, मधली जाळी, दहा-पंधरा मिनिटं आधी तापवणं. साध्या मायक्रोवेव्हमध्ये केक शिजतो पण भाजला जात नाही, वर रंग येत नाही. त्यासाठी कन्व्हेक्शन लागतं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं दार उघडू नका. वरून रंग आला पण आत कच्चा असेल तर तापमान दहा-वीस अंशांनी कमी करून वेळ वाढवा आणि वर फॉइल झाका. काडी घातली की कोरडी बाहेर यायला हवी, एखाद-दोन कण चिकटलेले चालतात.

भांडं बदललं तर काय, याला हिशेब आहे. सहा इंची गोल भांड्याचा तळ साधारण २८ चौरस इंच, सात इंची ३८, आठ इंची ५०. म्हणजे सहा इंचीची कृती आठ इंचीत ओतली तर केक निम्म्याजवळ चपटा होणार आणि लवकर सुकणार. उलट केलं तर काठावरून वाहणार. भांडं अर्ध्यापेक्षा थोडं जास्त, दोन तृतीयांशपर्यंतच भरा.

क्रीम फेटून घट्ट होत नाही, याचंही खापर हातावर फोडलं जातं. टेट्रापॅकमधली नेहमीची फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटची असते. फेटून उभी राहायला निदान ३० टक्के, खरं तर ३५ लागतात. ती क्रीम रात्रभर फेटली तरी पातळच राहणार. व्हिपिंग क्रीम मागा, भांडं आणि पाती फ्रीजमध्ये थंड करा. केक पूर्ण गार झाल्याशिवाय त्यावर काही लावू नका. भांड्यातून दहा मिनिटांनी काढून जाळीवर ठेवा, नाहीतर तळाला वाफ धरते.

मैदा घातल्यावर मिश्रण फार घोटू नका. सुकं पीठ दिसेनासं झालं की थांबा, जास्त घोटलं की मैदा चिवट होतो आणि केक रबरासारखा. पावाच्या पिठाला मात्र उलट, तिथे मळणं हवंच. यीस्टला कोमट पाणी, मनगटावर टाकलं तर चटका न बसणारं. कडकडीत पाण्यात ते मरतं. बाकी नेहमीचंच: साहित्य ताजं घ्या, आधी कृती पूर्ण वाचा, घाई करू नका. बटर मीठवालं असेल तर वेगळं मीठ घालू नका.

कुणाच्या क्लासला जायचं असेल तर पैसे भरण्याआधी विचारा. कृती ग्रॅममध्ये देणार का? किटमधला कप किती मिलीचा, आणि तुम्ही स्वतः शिकवताना तोच वापरणार का? आम्ही स्वतःच्या हाताने तिथे केक करणार, की फक्त बघणार? घरी बिघडला तर कारण शोधून देणार, की प्रीमिक्स देणार? आणि पहिल्या दिवशी मापाचा कप हातात आला, की तिथेच त्यात पाणी भरून तोला, सगळ्यांसमोर. कुणी नाक मुरडलं तरी तोला.