मनगटाची हालचाल आणि शेतीकाम

विळ्याची धार गेली की आपण ती लावून घेतो, कुदळीचा दांडा ढिला झाला की पाचर ठोकतो. परंतु ही अवजारे ज्या सांध्याच्या जोरावर चालतात, त्या मनगटाकडे ते दुखू लागेपर्यंत लक्ष जात नाही. खुरपणी, कापणी, छाटणी, कापूस वेचणी, धार काढणे या सर्व कामांत मनगट दिवसभर वाकत असते. ते किती वाकते आणि कोणत्या स्थितीत हाताला जास्त जोर मिळतो, हे समजून घेतल्यास पुष्कळसा त्रास टाळता येतो.

मनगटाची रचना

कोपरापासून येणारी दोन लांब हाडे आणि पंजा यांच्या दरम्यान आठ लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात. बोटे मिटविणारे मोठे स्नायू पंजात नसून कोपर व मनगट यांच्यामध्ये असतात. त्यांच्या दोरीसारख्या कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात. तळहाताच्या बाजूस एक अरुंद बोगदा असून त्यातून नऊ कंडरा व एक महत्त्वाची नस जाते. मनगट जास्त वाकविले की बोगद्यातील दाब वाढतो व नस दबते.

सर्वसाधारण हालचाल किती?

निरोगी प्रौढ व्यक्तीचे मनगट सरळ स्थितीपासून साधारणपणे पुढीलप्रमाणे वाकते :

१) तळहाताच्या बाजूस – सुमारे ८० अंश
२) मागच्या बाजूस – सुमारे ७० अंश
३) करंगळीच्या बाजूस – सुमारे ३० अंश
४) अंगठ्याच्या बाजूस – सुमारे २० अंश

व्यक्तीनुसार व वयानुसार यात थोडा फरक पडतो. तळहात उपडा-सुलटा करणे ही मनगटाची हालचाल नसून कोपराखालील दोन हाडांची आहे.

मुलांच्या कंपासपेटीतील कोनमापकाने हे घरीच मोजता येते. हात टेबलावर उपडा ठेवून पंजा कडेबाहेर सोडावा, तो खाली व वर वाकवून कोन पाहावा. आजूबाजूच्या हालचालीसाठी तळहात कागदावर टेकवून मधल्या बोटाच्या दिशेने रेघा माराव्यात. दोन्ही हातांची तुलना करावी. एका हाताची हालचाल बरीच कमी किंवा दुखरी असल्यास ती दुर्लक्षू नये.

जोर कोठे मिळतो?

मनगट तळहाताकडे पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहा. मूठ घट्ट होत नाही, कारण बोटांच्या कंडरा सैल पडतात. आता मनगट २० ते ३० अंश मागे घेऊन मूठ आवळा. पकड लगेच पक्की होते. म्हणजे मनगट वाकते पुष्कळ, पण जोराचे काम ते जवळजवळ सरळ असतानाच चांगले करते. वाकलेल्या मनगटाने काम करताना तेवढ्याच कामासाठी अवजार जास्त आवळावे लागते व हात लवकर थकतो.

काम करताना घ्यावयाची काळजी

१) खुरप्याची मूठ फार बारीक नसावी. ३ ते ४ सें.मी. जाडीची मूठ बहुतेकांच्या हातात नीट बसते. बारीक मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी.
२) ओळीत पेरलेल्या पिकात शक्य तेथे लांब दांड्याचे हातकोळपे वापरावे. खुरप्याचे काम फक्त रोपालगत ठेवावे.
३) कापणीसाठी हलका, दातेरी विळा वापरावा. बोथट विळ्याला जास्त झटका द्यावा लागतो व तो मनगटावर येतो.
४) द्राक्षाच्या एप्रिल व ऑक्टोबर छाटणीत कात्रीला धार व तेल असावे. जाड काडी कात्रीने पिळून तोडू नये, करवत वापरावी.
५) धार काढताना अंगठा मुडपू नये. पूर्ण मुठीने धार काढावी. त्यामुळे अंगठ्यावरील ताण कमी होतो व सडालाही इजा होत नाही.
६) एकच काम दिवसभर न करता कामे आलटून पालटून करावीत. मजुरांनाही तशी सवड द्यावी. मधूनमधून मूठ उघडझाप करून मनगट चारही बाजूंस सावकाश हलवावे.

ही लक्षणे ओळखा

रात्री अंगठा, तर्जनी व मधल्या बोटास मुंग्या येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे आणि हातातून वस्तू निसटणे ही नस दबल्याची लक्षणे आहेत. मधुमेह असणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. दुर्लक्ष केल्यास अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल भाग झिजतो व गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.

झाडावरून किंवा बैलगाडीवरून हातावर पडल्यास नुसते चोळून घेऊ नये. मनगटाचे हाड मोडूनही बोटे हलू शकतात. म्हणून क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. प्लास्टर घातल्यावर बोटे व खांदा हलते ठेवावेत आणि प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम करून हालचाल परत मिळवावी.

शेतकरी बंधू-भगिनींनो, अवजार निवडताना किंवा लोहाराकडून घडवून घेताना ते हातात धरून पाहा. अवजार चालविताना मनगट सरळ राहत असेल तरच ते घ्या. मूठ किंवा दांडा बदलणे अल्प खर्चाचे आहे, निकामी झालेला हात मात्र बदलता येत नाही.