‘उपाशीपोटी’ म्हणजे किती उपाशी?

कुपत-खोलीमची रक्ततपासणीची चिठ्ठी मिळाली की नर्स एकच शब्द सांगते: ‘बेत्सोम’. त्सोम हा शब्द आपल्याला नवा नाही, आणि अडचण तिथेच आहे. आपल्या आजी-पणजी याला रोजा म्हणत. नव्याचा रोजा, बिरड्याचा रोजा. रोजा म्हणजे अन्न नाही आणि पाणीही नाही. हाच अर्थ मनात धरून आपली वयस्कर मंडळी आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता तपासणीला येतात.

प्रयोगशाळेचा त्सोम एवढा कडक नसतो. रक्तातली साखर आणि चरबी मोजताना ताज्या खाण्याचा परिणाम नको, एवढाच त्याचा हेतू. साध्या पाण्याने या आकड्यांत फरक पडत नाही. उलट पाणी न प्यायल्याने शिर सापडत नाही, सुई दोनदा टोचावी लागते, आणि युरियाचा आकडा वाढलेला दिसला की किडनीची काळजी उगाच मागे लागते. शिवाय खुर्चीवरून उठताना तोल जातो तो वेगळाच. आपल्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे मी वॉर्डात पुष्कळ पाहिले आहे.

याच्या उलटही घडते. भारतात आपले शेजारी उपासाला चहा घेत, साबुदाण्याची खिचडी खात, तोही उपासच. एक बाई माझ्यापुढे हात पुढे करून बसल्या, “उपाशीच आहे” म्हणाल्या. बोलता बोलता कळले की दूध-साखरेचा चहा आणि दोन बिस्किटे झाली होती. खोटे बोलत नव्हत्या बिचाऱ्या; चहाला त्या खाण्यात धरतच नव्हत्या!

तेव्हा रक्ततपासणीपूर्वी साधे पाणी प्या. चहा, कॉफी, दूध, फळांचा रस नको. किती तास, ते विचारून घ्या. बहुधा 8 ते 12 सांगतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचे की नाही, हे आदल्या दिवशीच विचारा. थरथर सुटली, घाम फुटला, तर तपासणी राहू द्या आणि लगेच साखरपाणी घ्या. तपासणी उद्याही होते.

ऑपरेशनपूर्वीचा त्सोम मात्र निराळा. भूल दिल्यावर पोटातले श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून तिथे पाणीही ठराविक वेळेनंतर बंद. भूल देणारे डॉक्टर सांगतील ती वेळ पाळा. इथे माझे ‘पाणी चालते’ लागू करू नका.

दुसरा शब्द याहून घातक. डॉक्टर छातीवर हात ठेवून विचारतात, “कोएव?” म्हणजे दुखते का? आपल्या मराठीत दुखणे म्हणजे ठणकणे, सलणे. छातीवर पाटा ठेवल्यासारखे जड होणे, आवळल्यासारखे वाटणे, याला आपण ‘गॅस झालाय’, ‘जीव घाबरतोय’ म्हणतो आणि “लो” असे उत्तर देऊन मोकळे होतो. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा असाच जड होऊन येतो. बायकांना आणि मधुमेहींना तर कधी नुसता दम लागतो, मळमळते, घाम येतो. म्हणून ‘हो-नाही’वर थांबू नका. कुठे जड वाटते, कधीपासून, हातात किंवा जबड्यात कळ जाते का, ते सांगा. आणि घरी असे झाले तर ओवा चघळत बसू नका, मुलाच्या फोनची वाट पाहू नका. 101 लावा.

चक्कर आल्याचे सांगतानाही खोली फिरते, की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, ते सांगा. पहिल्यात बहुधा कान तपासतात. दुसऱ्यात झोपवून आणि उभे करून रक्तदाब मोजतात, औषधांची यादीही पाहतात. गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालूनच न्या.