दहा हात, माप एकच

सोलापूरची चादर आणि टॉवेल जसे नावाजलेले, तसेच इथले शालेय गणवेशही. गणवेश शिवायचं काम बचत गटांनाही मिळतं. घरचं झंपर शिवताना माप थोडं इकडंतिकडं झालं तरी चालून जातं. पण दहा जणी मिळून दोनशे शर्ट शिवतात तेव्हा ३२ नंबरचा प्रत्येक शर्ट सारखाच यायला हवा. नाहीतर माल परत येतो, कापड वाया जातं आणि कर्जाचा हप्ता मात्र भरावाच लागतो. म्हणून कात्री हातात घेण्याआधी एवढं करा.

१) टेप तपासा. वापरून वापरून टेप ताणतो, टोकाची पत्री सैल होते. कापड दुकानातल्या लोखंडी मीटरपट्टीवर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. तिला आपला टेप लावून बघा. १०० सेंटिमीटरची खूण जुळली नाही तर तो टेप बाजूला ठेवा. गटातल्या सगळ्यांचे टेप एकाच वेळी तपासा.

२) इंच की सेंटिमीटर, ते आधी ठरवा. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. २६ इंच म्हणजे ६६ सेंटिमीटर. एखादीनं घाईत अडीचनं गुणलं तर ६५ येतात. तिथंच एक सेंटिमीटर गेला! ऑर्डरचा कागद ज्या मापात असेल, त्याच मापात सगळ्यांनी काम करा.

३) कापलेल्या तुकड्यावरून पुढचा तुकडा कापू नका. दर वेळी खडूची रेघ २ मिलिमीटर बाहेर गेली, तर दहाव्या तुकड्यापर्यंत २ सेंटिमीटर वाढतात. जाड पुठ्ठ्याचा एकच पॅटर्न करा. त्यावर नंबर आणि शिलाईसाठी किती जागा सोडली ते लिहा. प्रत्येक तुकडा त्याच्यावरूनच कापा.

४) कामाप्रमाणे साधन घ्या. अंगाचं माप टेपनं घ्या. सरळ रेघ पोलादी पट्टीनं मारा. दुमड आणि बटणांमधलं अंतर यासाठी पुठ्ठ्याचं छोटं माप कापून प्रत्येक मशीनजवळ ठेवा. काटकोन तपासायचा असेल तर एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ४० सेंटिमीटरवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५० आलं की कोन सरळ.

५) कापड किती आटतं ते बघा. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन धाग्यानं आखा, धुवा, वाळवा, मोजा. उभ्या बाजूला ४८.५ भरले तर कापड शंभराला तीन आटलं. मग धुतल्यावर ६० सेंटिमीटर उंची हवी असेल तर सुमारे ६२ धरा. आडवी बाजूही मोजायला विसरू नका.

पुढच्या बैठकीत एक शर्ट मध्ये ठेवा. प्रत्येकीनं त्याची छाती, उंची आणि बाही मोजून चिठ्ठीवर लिहायची, एकमेकींचं बघायचं नाही. चिठ्ठ्या जुळल्या तर कटिंगला लागा. नाही जुळल्या तर फरक कुठं पडतो, ते आधी शोधा.