पाठ : जिंकून दिला की हातचा जाऊ दिला नाही?



गेल्या वर्गात फळ्यावरच्या दोन वाक्यांवरून आपल्यात चांगलाच वाद झाला.

(१) पर्डीने सामना जिंकून दिला.
(२) पर्डीने सामना हातचा जाऊ दिला नाही.

काहींना दोन्हींचा अर्थ एकच वाटला. पण तसे नाही. पहिल्या वाक्यात सगळे श्रेय एकट्या पर्डीला जाते. दुसऱ्यात त्याने आपले काम चोख केले, एवढेच म्हटले आहे. यांतले खरे कोणते, ते आज आपण पाहू.

४ डिसेंबर २०२२. आपल्या सांता क्लारातील लीव्हाइज स्टेडियमवर फोर्टीनाइनर्स विरुद्ध मायामी डॉल्फिन्स हा सामना होता. पहिल्या क्वार्टरमध्येच क्वार्टरबॅक जिमी गारोपोलो याच्या पावलाचे हाड मोडले. गंमत म्हणजे त्या हंगामात गारोपोलो स्वतःच बदली खेळाडू होता. सप्टेंबरमध्ये ट्रे लान्स जायबंदी झाला, म्हणून तो आला होता. आता पाळी तिसऱ्याची, ब्रॉक पर्डीची. त्या वर्षीच्या निवडीत २६२ खेळाडू घेतले गेले आणि याचा क्रमांक होता २६२ वा! अशा शेवटच्या खेळाडूला थट्टेने 'मिस्टर इर्रेलेव्हंट', म्हणजे 'बिनमहत्त्वाचे महाशय' म्हणतात.

क्रिकेटमध्ये बदली खेळाडू सहसा फक्त क्षेत्ररक्षण करतो. बदली क्वार्टरबॅकला मात्र आल्या आल्या सगळा डाव चालवावा लागतो. त्यातून आठवडाभराच्या सरावात बहुतेक संधी पहिल्या क्वार्टरबॅकला मिळालेली असते.

आता आकडे पाहू. पर्डीने ३७ पास टाकले. त्यांतले २५ आपल्याच माणसांनी झेलले, म्हणजे शेकडा सुमारे ६८. हे छानच. पण एकूण यार्ड २१०. भागाकार करा : दर पासमागे सहा यार्डही नाहीत! म्हणजे त्याने बहुतेक जवळचे, बिनधोक पास टाकले. दोन टचडाउन झाले, एक पास प्रतिस्पर्ध्याने पळवला.

फोर्टीनाइनर्स ३३-१७ असे जिंकले. हे ३३ गुण कुठून आले? पर्डीच्या दोन टचडाउन पासचे, पाठोपाठच्या किक धरून, १४. रॉबी गोल्डच्या चार फील्ड गोलचे १२. शेवटचे ७ बचावफळीतल्या ड्री ग्रीनलॉने पडलेला चेंडू उचलून पळवला त्याचे. समोरच्यांना १७ वर रोखले तेही बचावफळीनेच.

म्हणून आमच्या मते दुसरे वाक्य खरे. आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. आयत्या वेळी उभे राहून घडी विसकटू न देणे हेच बदली खेळाडूचे काम.

मात्र एका सामन्यावरून माणसाची किंमत ठरवू नये. त्यानंतर पर्डीने हंगामातले उरलेले पाचही साखळी सामने सुरुवातीपासून खेळले आणि संघ पाचही जिंकला. पुढे २९ जानेवारी २०२३ रोजी फिलाडेल्फियात त्याच्याच कोपराला दुखापत झाली. बदली आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार लागला. मग दुखऱ्या हाताने पर्डीलाच परत यावे लागले. धड पास टाकता येईना. संघ ३१-७ असा हरला. बदली माणसाची किंमत तो नसला की कळते, ती अशी.

नवे शब्द
हातचा जाणे – मिळत आलेले निसटणे
आयत्या वेळी – अगदी ऐन वेळी
जायबंदी – दुखापत झालेला
श्रेय – यशाचे मोल

स्वाध्याय
१. २१० ला ३७ ने भागा. उत्तर एका वाक्यात, मराठीत समजावून सांगा.
२. 'जिंकून दिला' आणि 'हातचा जाऊ दिला नाही' यांचा उपयोग करून आपल्या घरातल्या किंवा शाळेतल्या प्रसंगावर एकेक वाक्य लिहा.
३. आयत्या वेळी तुमच्या मदतीला कोण धावून आले? आजी-आजोबांना फोनवर सांगा आणि मग पाच ओळी लिहून आणा.