लेंकरें कोणाजवळ ठेवावीं?

वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम २:१–१०; मार्क १०:१३–१६; २ तीमथ्य १:३–५.

गांवोगांवच्या मंडळ्यांत काम करणाऱ्या उपदेशकांस व शास्त्रवर्ग चालविणाऱ्या बंधुभगिनींस आमची विनंती आहे कीं, हा पाठ त्यांनीं एका साध्या प्रश्नानें आरंभावा. खुरपणी, कापूसवेंचणी किंवा भातलावणी यांच्या दिवसांत आई सकाळीं घराबाहेर पडली म्हणजे तिचीं लहान मुलें कोणाजवळ असतात? पुष्कळ घरांतून उत्तर येईल, थोरल्या मुलीजवळ. ती थोरली मुलगी किती वर्षांची, असें पुढें विचारावें. आठ, नऊ, फार तर दहा, असें ऐकावयास मिळेल. मग ती शाळेंत केव्हां जाते, हा तिसरा प्रश्न विचारण्याचें कारणच उरणार नाहीं.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायांत अशीच एक बहीण आहे. तेथें तिचें नांवहि दिलेलें नाहीं; ती मिर्याम असावी असें आपण पुढील भागांवरून मानितों. तीन महिन्यांचें बाळ पेटाऱ्यांत घालून आईनें नदीकांठच्या लव्हाळ्यांत ठेविलें, आणि पुढें काय होतें तें पाहाण्यास ही मुलगी लांब उभी राहिली. आपण तिच्या चातुर्याचें कौतुक करितों व तें योग्यच आहे. परंतु घरांतील वडील माणसांवर केवढें संकट ओढवलें होतें, म्हणून एका पोरीच्या नजरेवर भावाचा जीव टांगला गेला, हेंहि ध्यानांत घ्यावें. फारोच्या जुलमामुळें त्या घरावर जो प्रसंग आला, तो आपल्या गांवीं कोणाच्याहि जुलमावांचून रोज येतो, आणि त्याचें कोणास नवल वाटत नाहीं.

त्याच वृत्तांतांत आणखी एक गोष्ट आहे, ती उपदेशांत क्वचितच ऐकूं येते. राजकन्येनें बाळास पाजण्यासाठीं त्या इब्री स्त्रीला बोलाविलें तेव्हां तिला वेतन देऊं केलें. मूल सांभाळणें हें काम आहे व कामाला मोल असतें, हें त्या परधर्मी राजकन्येस ठाऊक होतें. या गोष्टीकडे आम्ही पुन्हां येणार आहों.

मार्काच्या दहाव्या अध्यायांतील प्रसंग आपल्या मंडळींस तोंडपाठ आहे. तो वाचून दाखविण्यापूर्वीं वर्गास असें विचारावें कीं, शिष्यांनीं त्या माणसांस दटाविलें तें कां? ते दुष्ट नव्हते. गुरूचें महत्त्वाचें काम चाललें आहे आणि पोरें त्यांत अडथळा आणितात, एवढेंच त्यांस वाटलें. उपासनेंत मूल रडलें म्हणजे आपल्यांतील किती तरी वडील मंडळी ज्या दृष्टीनें त्याच्या आईकडे पाहातात, तीच ही दृष्टि होय. प्रभु मात्र शिष्यांवर रागावला. शुभवर्तमानांत त्याच्या रागाचे प्रसंग थोडे आहेत, त्यांपैकीं हा एक लेंकरांसाठींचा आहे. आणि त्यानें त्यांस नुसता आशीर्वाद दिला नाहीं, तर आधीं कवटाळून घेतलें.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. पूर्वीं आई कामावर गेली असतां मुलास धोका असे तो चुलीचा, विहिरीचा व जनावरांचा. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांस निजवून ठेवण्यासाठीं अफूची गोळी चाटवीत, हें त्या काळच्या लिखाणांत नमूद आहे. खेड्यांतहि ही चाल होती. हे धोके सर्वस्वीं गेले नाहींत आणि त्यांत एका नव्याची भर पडली आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढिली, आणि कोरडवाहू भागांत जागोजाग शेततळीं झालीं. पाण्याच्या दृष्टीनें तीं उपकारकच आहेत. परंतु ज्यांच्या तळाशीं व कडांस प्लास्टिकचें अस्तर घातलेलें असतें, त्यांची उतरण ओली झाली म्हणजे इतकी निसरडी होते कीं, आंत पडलेलें मूल तर काय, पोहतां न येणारा मोठा मनुष्यहि वर चढूं शकत नाहीं. ज्यांच्या शेतांत असें तळें आहे त्यांनीं त्यास कुंपण घालावें, आणि कडेला गांठी मारलेला दोर खुंट्यास बांधून पाण्यांत सोडून ठेवावा. हें सांगण्यास शास्त्रपाठाची जागा नव्हे असें कोणी म्हणेल. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाचें आठवें वचन त्यानें उघडून पाहावें. घराच्या धाब्यास कठडा बांधण्याची आज्ञा तेथें आहे.

लेंकरांच्या राखणीचें काम मंडळीचें आहे हा विचार नवा नाहीं. फ्रान्स देशाच्या पूर्वेस आल्सास प्रांतांत व्होज डोंगरांमध्यें एक दरी आहे. तिच्या जर्मन नांवाचा अर्थ ‘दगडांचें खोरें’ असा होतो, आणि जमीनहि तशीच. तेथें वाल्डर्सबाख गांवीं १७६७ सालीं ओबरलिन नांवाचा सव्वीस वर्षांचा प्रॉटेस्टंट पाळक आला. त्याच्याकडे पांच खेड्यांची मंडळी होती. रस्ता धड नव्हता, दारिद्र्य मोठें. त्यानें स्वतः कुदळ घेऊन लोकांबरोबर रस्ता केला, नदीवर पूल बांधविला, बटाट्याची लागवड सुधारली. या गोष्टी त्याच्या चरित्रांत विस्तारानें असतात. आम्हांस सांगावयाची आहे ती गोष्ट साराची.

सारा बांझे ही त्याच मंडळींतील बेलमोंत गांवची तरुण मुलगी. ती आपल्या घरीं शेजारपाजारचीं पोरें जमवून त्यांस विणकाम शिकवूं लागली. कोणी सांगितलें नव्हतें, कोणी पैसे देत नव्हतें. तिच्या बापास हें रुचेना. ज्यांतून घरांत कांहीं येत नाहीं त्यांत पोरीनें वेळ घालवावा हें त्यास पटेना. ओबरलिननें बापास उपदेश केला नाहीं. १७६९ सालीं त्याच्याशीं रीतसर करार करून त्यानें साराला या कामासाठीं नेमलें व तिचें वेतन ठरविलें. अशा रीतीनें लहान मुलांच्या शाळांचा तेथें आरंभ झाला. फ्रॉबेल या जर्मन शिक्षकानें आपलें प्रसिद्ध बालोद्यान १८३७ सालीं सुरू केलें, त्याच्याहि हें सुमारें सत्तर वर्षें आधींचें.

या स्त्रियांस तेथें जें नांव होतें त्याचा आशय ‘कोवळ्या मुलांच्या वाटाड्या’ असा आहे. लहान मुलें एका मोठ्या उबदार खोलींत बसत. मोठीं सुया घेऊन विणीत, धाकटीं खेळत. बाई पवित्र शास्त्रांतील गोष्टी सांगे, झाडांपानांचीं व जनावरांचीं चित्रें दाखवी, आणि हवा चांगली असली म्हणजे सर्वांस रानांत नेई. सारा १७७४ सालीं, तीस वर्षांचीहि न होतां, वारली. पुढें लुईझ शेपलर ही पंधरा वर्षांची असतांना पाळकाच्या घरीं कामास आली व याच शाळांत राबूं लागली. १७८३ सालीं पाळकाची पत्नी निवर्तल्यावर तिनें त्याचें घर व मुलें सांभाळिलीं आणि पगार घेण्याचें नाकारिलें. फ्रेंच अकादमीनें १८२९ सालीं तिला सद्गुणाबद्दलचें पारितोषिक दिलें; १८३७ सालीं ती मरण पावली. ओबरलिनचें नांव अमेरिकेंतील एका विद्यालयास मिळालें. साराचें नांव मात्र शोधूनच काढावें लागतें, आणि आमच्या मतें लुईझचा त्याग जितका वाखाणावा तितकाच साराचा पगारहि वाखाणावा. आपल्याकडे मंडळींतील बायांनीं सर्व कांहीं फुकट करावें अशी एक अपेक्षा असते. ती भक्तीच्या नांवाखालीं चालते, परंतु पुष्कळदां तिच्या मुळाशीं कृपणता असते.

आपल्या देशांत पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या असतां त्यांनीं बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला होता. परंतु खेड्यांतील गरिबांच्या लेंकरांसाठीं ही गोष्ट कशी करावी याचा पाठ ताराबाई मोडक यांनीं घालून दिला. १९४५ सालीं त्या शहरांतील काम सोडून डहाणू तालुक्यांत समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं आल्या, आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा होत्या. बालवाडी उघडली, पण अस्पृश्य मानिलेल्या वस्तीचीं मुलें येईनात. तेव्हां मुलें बालवाडींत येत नाहींत तर बालवाडीनें मुलांकडे जावें, असें ठरवून त्यांनीं वस्तीच्या अंगणांतच वर्ग भरविला. आधीं नखें काढावीं, आंघोळ घालावी, केस विंचरावे, मग गाणीं व खेळ. परदेशीं पद्धतीचीं महागडीं साधनें त्यांनीं बाजूस ठेविलीं. चिंचोके, शिंपले, खडे, पानें हींच साधनें झालीं. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा अंगणांतून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें बालविकासाची योजना ३३ ठिकाणीं सुरू केली तेव्हां तिच्या केंद्रासहि तोच शब्द रूढ झाला.

पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारली मुलांमध्यें ताराबाईंस व अनुताईंस जें आढळलें तेंच आम्ही या पाठाच्या आरंभीं विचारिलें आहे. थोरली मुलगी शाळेंत येत नाहीं, कारण तिच्या कडेवर धाकटें भावंड असतें. तिला घरीं पाठविलें तर तिची शाळा बुडते. भावंडासह वर्गांत घेतलें तर वर्ग चालत नाहीं. त्यांनीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं एकाच ठिकाणीं मांडिलीं. बहिणीनें तान्हें पाळणाघरांत ठेवावें, मधलें बालवाडींत सोडावें आणि आपण वर्गांत बसावें. गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं त्यांनीं कुरणांतच शाळा नेली. अडचण जेथें होती तेथें बोट ठेविल्यामुळें हा उपाय लागू पडला. नुसती पटनोंदणीची मोहीम काढून तो पडला नसता.

आपल्या मंडळ्यांनीं काय करावें? जेथें अंगणवाडी आहे तेथें तिच्याशीं स्पर्धा करूं नये. ती कांहीं तासच चालते आणि शेतावरचें काम दिवस मावळेपर्यंत चालतें. तेव्हां अंगणवाडी सुटल्यावर मुलांस आणावें व आया परतेपर्यंत सांभाळावें, हें मंडळीचें काम. मोठीं मुलें शाळा सुटल्यावर तेथेंच यावीं. जागेची अडचण कोणी सांगूं नये. आपलीं उपासनामंदिरें बहुतेक ठिकाणीं आठवड्यांतील सहा दिवस कुलूपबंद असतात.

दोन बाया नेहमीं बरोबर असाव्या. एकटीवर किंवा एकट्या पुरुषावर मुलें कधीं सोंपवूं नयेत आणि दार उघडें असावें. मूल कोणीं आणिलें व कोणीं नेलें हें वहींत लिहावें. पाणी उकळून गार केलेलें, झांकलेलें व वगराळ्यानें काढलेलें असावें. पांच वर्षांखालील मुलांस अख्खे शेंगदाणे व फुटाणे देऊं नयेत. ते घशांत अडकून मूल गुदमरतें. कुटून गुळाबरोबर द्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत साखरेचे सहा व मिठाचा अर्धा, असे चहाचे सपाट चमचे घालून तें पाणी थोडें थोडें पाजावें आणि दवाखान्यास न्यावें. बायांस वेतन द्यावें. तें रोकड शक्य नसेल तर सुगीच्या धान्यांतून द्यावें, पण ठरवून द्यावें.

सायंकाळच्या मुलांविषयीं एक सूचना. उपदेशकांस असा मोह होतो कीं, मुलें हातीं आलीं आहेत तर लागलीच अभ्यासास बसवावीं. दिवसभर वर्गांत बसलेल्या मुलास आधीं कांहीं खाऊं द्यावें व पळूं द्यावें, पाढे त्यानंतर. मोठ्या मुलानें धाकट्यास धडा वाचून दाखवावा, म्हणजे दोघांचाहि अभ्यास होतो. लोईस व युनीके यांनीं तीमथ्यास विश्वासांत वाढविलें तें घरच्या रोजच्या राहणींत, हें ध्यानांत असावें. आणि दुसऱ्या समाजाचीं मुलें आलीं तर तीं अवश्य घ्यावीं. प्रार्थना होते, शास्त्रांतील गोष्टी सांगितल्या जातात, हें त्यांच्या आईबापांस आधीं मोकळेपणें सांगावें. ज्यांस तें नको असेल त्यांच्या मुलांनीं त्या वेळीं अंगणांत खेळावें. खिचडीच्या मोबदल्यांत गीत म्हणवून घेणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट वेगळी व अधिक कठीण आहे. दिवाळीच्या सुमारास नवराबायको कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहींत. मुलें बरोबर गेलीं तर अर्धें वर्ष बुडतें. अशांसाठीं सरकारी हंगामी वसतिगृहाची सोय असते, तिची चौकशी तोडणीचा करार होण्यापूर्वींच शाळेच्या मुख्याध्यापकांकडे करावी. जेथें ती नाहीं तेथें आजीजवळ राहिलेल्या मुलांकडे मंडळीच्या दोन घरांनीं लक्ष ठेवावें आणि आईबापांशीं दूरध्वनीवर मुलांचें बोलणें करून द्यावें.

येत्या रविवारीं उपासनेनंतर मंडळीच्या पंचांनीं बसून एक यादी करावी : सहा वर्षांखालील मुलें किती, दुपारीं त्यांच्याजवळ कोण असतें, त्या राखणाऱ्याचें वय काय, तें शाळेंत जातें काय, आणि घरापासून सर्वांत जवळचें उघडें पाणी किती पावलांवर आहे. शेवटचा आंकडा अंदाजानें लिहूं नये, चालून मोजावा.