बाबांच्या अभ्यासिकेचं दार

घरून काम करणाऱ्या आईबाबांची रोज सकाळी तीच धांदल असते. मीटिंग सुरू व्हायच्या आत मुलाच्या हातात खाऊची वाटी द्यायची, पाण्याची बाटली भरून ठेवायची, 'आता तासभर आत यायचं नाही हं' असं दोनदा बजावायचं आणि दार लोटून घ्यायचं. दहा मिनिटं होतात न होतात तोच दार किलकिलं होतं. आई, कात्री कुठंय? बाबा, माझा दात हलतोय, बघ ना!

आपण स्क्रीनवरची नजर न काढता हातानेच 'जा' म्हणतो. मूल जातं. रागावत नाही, रडत नाही, नुसतं जातं. आपल्याला मात्र ते दिवसभर खुपत राहतं. ऑफिसला जाणाऱ्यांचंही वेगळं काय असतं? चपला काढायच्या आत मूल काहीतरी सांगायला लागतं आणि आपल्या तोंडून निघतं, 'अरे, जरा टेकू तर दे.'

हे सगळं मनात घोळत असताना मी चार्ल्स डार्विनची पत्रं आणि त्याच्या मुलांनी लिहून ठेवलेल्या आठवणी वाचत होते. शाळेत आपल्याला भेटतो तो लांब पांढऱ्या दाढीचा, उत्क्रांतीवाला डार्विन. या कागदांमध्ये मला भेटला तो आपल्यासारखाच दमलेला, काळजी करणारा एक बाप. म्हणून त्याच्याबद्दल तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

१८४२ साली डार्विन लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहायला गेला आणि १८८२ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिला. तब्येत सारखी बिघडलेली असायची. जगप्रवास आधीच झाला होता. पुढचं जवळजवळ सगळं काम त्याने घरात, बागेत आणि आसपासच्या रानात केलं. म्हणजे चाळीस वर्षं हा माणूस घरूनच काम करत होता. घर मुलांनी भरलेलं होतं. त्याला आणि त्याची बायको एमा हिला दहा मुलं झाली, त्यातली सात मोठी झाली.

मुलं त्याच्या अभ्यासिकेत सारखी जायची. चिकटपट्टी, सुतळी, टाचण्या, कात्री, पोस्टाची तिकिटं, फूटपट्टी, हातोडी, जे हवं ते हमखास बाबांच्या खोलीत मिळायचं. सारखं आत जाणं बरं नाही हे मुलांनाही कळायचं, पण अगदीच अडलं की जायचीच. फारच झालं की तो शांतपणे एवढंच म्हणायचा, की आता परत आला नाहीत तर चालेल का, आज फार वेळा व्यत्यय आला. एवढाच काय तो राग. आजारी पडलेल्या मुलाला त्याच खोलीतल्या सोफ्यावर पांघरूण घालून झोपवायचे आणि शेजारी बाबांचं काम चालू राहायचं. चार वर्षांच्या एका मुलाने तर कामाच्या वेळेत खेळायला यावं म्हणून बाबांना सहा पेन्सचं नाणं देऊ केलं होतं. मूल असं निर्धास्तपणे कुणाकडे जातं, याचा आपण कधी विचार करतो का?

आता खरं ते बोलायला हवं. डार्विनकडे वडिलोपार्जित पैसा होता. घरात नोकरचाकर होते, मुलांना सांभाळायला दाया होत्या. डोक्यावर साहेब नव्हता, लोकलची गर्दी नव्हती. आणि दहा बाळंतपणं, नवऱ्याची दुखणी, सगळ्या घराचा गाडा हे एमाने पेललं. तिच्याशिवाय हा प्रेमळ बाप आपल्याला दिसलाच नसता. त्यामुळे त्याच्याशी स्वतःची तुलना करून आणखी अपराधी वाटून घेऊ नका. तेवढं ओझं आपल्याकडे आधीच आहे.

तरी त्याच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. तो मुलांकडे बघायचा. म्हणजे नुसतं बघायचा.

आपण मुलांकडे बघतो तेव्हा बहुतेक वेळा तपासत असतो. डबा संपवला का, नखं कापली का, अक्षर का बिघडलं, शेजारच्या मुलीला किती पडले. डार्विनने थोरल्या विल्यमच्या जन्मापासून, म्हणजे १८३९ च्या डिसेंबरपासून, एका वहीत नोंदी ठेवल्या. त्यांवर पुढे १८७७ मध्ये त्याने एक लेखही लिहिला. बाळ कधी दचकलं, कशाला घाबरलं, रडताना डोळ्यांत पहिल्यांदा पाणी कधी आलं, हे सगळं त्यात आहे. आई म्हणून वाचताना एक गोष्ट लक्षात येते: मूल कसं असायला हवं हे त्या नोंदींत नाही, ते कसं आहे तेवढंच आहे.

त्यातली एक हकिगत सांगते. विल्यम अडीच वर्षांचा असेल. जेवणाच्या खोलीतून तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे नेहमीपेक्षा जास्त चमकत होते आणि वागणं काहीतरी वेगळंच होतं. बाप आत जाऊन बघतो तर त्याने साखर खाल्लेली, जिला हात लावू नको म्हणून बजावलं होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी अंगावरचं फडकं नीट गुंडाळून धरलेलं. यात काही नाही, तू जा, असं ते एवढंसं पोर बापालाच पुन्हा पुन्हा सांगतंय. उघडून पाहिलं तर फडक्यावर लोणच्याचे डाग!

आपल्या घरी हे झालं असतं तर? 'खोटं बोलतोस? एवढासा आहेस आणि आत्तापासून?' आवाज चढला असता. पुढे तो काय काय करेल याचं चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असतं. आपण दुष्ट नसतो. घाबरलेले असतो. डार्विनने ते ठरवून केलेलं खोटं आहे हे स्वच्छ लिहिलं, मखलाशी केली नाही. पण त्याला कुतूहल वाटलं ते त्या चमकत्या डोळ्यांचं. या मुलाला कधी शिक्षाच झालेली नाही, म्हणजे हे वागणं भीतीचं नव्हे. मजा आणि मनाची टोचणी यांची आत ओढाताण चालली असावी, असं त्याला वाटलं. याला आपण चांगुलपणाच्या वाटेनेच वाढवलं आणि तो लवकरच खरं बोलणारा, मोकळा मुलगा झाला, हेही त्याने नोंदवून ठेवलंय.

थोडं विषयांतर करते, कारण इथे आपल्या मुलखाचा एक धागा आहे. माणसांच्या चेहऱ्यावर भावना कशा उमटतात, यावर डार्विनने १८७२ मध्ये एक पुस्तक काढलं. त्यासाठी त्याने जगभर प्रश्नावली पाठवली होती. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात तेव्हा एच. अर्स्किन नावाचे एक गृहस्थ राहत होते. त्यांनी तिथल्या लोकांचे चेहरे निरखायचा प्रयत्न केला, पण खात्रीचं फारसं काही हाती लागेना. कारण युरोपियन माणूस समोर असला की लोक भावना चेहऱ्यावर दिसूच देत नसत. डार्विनने हे पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितलंय.

मी ते वाचून थांबले. नगरच्या त्या लोकांना भावना नव्हत्या का? घरी, ओट्यावर, शेतात त्या वाहत असणारच. साहेब आला की चेहरे बंद होत. आपली बारा-तेरा वर्षांची मुलं मित्रांशी फोनवर खळखळून हसत असतात आणि आपण खोलीत शिरलो की गप्प होतात. 'काय झालं?' 'काही नाही.' हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारू नये असं मला वाटतं. काही काम नसताना तिथे थोडा वेळ बसावं. कपड्यांच्या घड्या घालाव्यात, शेंगा सोलाव्यात. आपण काही तपासायला आलेलो नाही, हे मुलांना पटायला वेळ लागतो.

दुसरं मूल झालेल्या घरांसाठी त्या नोंदींत एक ओळ आहे. तान्ह्या बहिणीचं वजन करत असताना पंधरा-सोळा महिन्यांच्या विल्यमला मत्सर वाटलेला स्पष्ट दिसला, असं डार्विन लिहितो. आपण काय करतो? 'तू आता दादा झालास ना? शहाण्यासारखं वाग.' दीड वर्षाच्या बाळाला आपण दादा करून टाकतो. त्याला काय होतंय याला आधी मनातल्या मनात तरी नाव द्यावं. मग त्याला पोटाशी धरणं आपोआप होतं.

आणि काळज्या? त्या त्यालाही होत्याच. १८५२ मध्ये दूरच्या नात्यातला भाऊ फॉक्स याला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या मनातली भुतं सांगितली आहेत. सोन्याच्या नव्या खाणींमुळे पैशाची किंमत घसरेल आणि आपण भिकेला लागू. फ्रेंच चाल करून येतील. मुलांना कुठल्या पेशात घालावं? आणि सगळ्यांत मोठी भीती म्हणजे आपली दुखणी मुलांच्या रक्तात उतरली तर. एमा त्याची मामेबहीण होती, त्यामुळे ती धास्ती आणखी खोल होती. रात्री दोनला छताकडे बघत फी, हप्ते आणि सायन्स की कॉमर्स यांचे हिशेब मांडणाऱ्या आपल्याला हे पत्र परकं वाटणार नाही. मुलांच्या पेशाचं मात्र पुढे बरं झालं. एक खगोल आणि गणितात, एक वनस्पतिशास्त्रात, एक उपकरणं बनवण्यात, एक बँकेत, एक सैन्यात. बापाची झोप उडवणारी ती काळजी वाया गेली.

त्याच्या स्वतःच्या वडिलांनी मात्र एकदा रागाच्या भरात त्याला सुनावलं होतं, की शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणं यापलीकडे तुला काही सुचत नाही, घराण्याला काळिमा लावशील. वडील अतिशय प्रेमळ होते, रागात बोलून गेले असतील, असं डार्विनने आत्मचरित्रात समजूतदारपणे लिहिलंय. पण तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता! ते वाक्य त्याच्या आत इतकी वर्षं राहिलं होतं. त्याच वडिलांनी १८३१ मध्ये त्याला जगप्रवासाच्या 'बीगल' बोटीवर जाऊ द्यायला आधी नकार दिला, पण एक फट ठेवली: शहाण्या माणसाने जा म्हणून सल्ला दिला तर जा. मामा धावून आला, एकेका आक्षेपाला त्याने पत्राने उत्तर दिलं आणि वडिलांनी ते ऐकलं. आपल्याही 'नाही'त अशी फट ठेवता आली तर किती बरं. एखादा मामा, एखादी आत्या, वर्गशिक्षिका. आपण हरलो असं न वाटता निर्णय बदलता येतो.

डार्विनच्या मुलीबद्दल, ॲनीबद्दल, लिहायला मला जड जातंय. ती दहा वर्षांची होती. १८५१ च्या वसंतात तिला उपचारासाठी मॅल्व्हर्नला नेलं होतं. ताप वाढला तेव्हा डार्विन तिच्या उशाशी होता आणि एमाला दिवस भरत आल्यामुळे घर सोडता येत नव्हतं. दोघांमध्ये रोज पत्रं जात होती. किती घोट पाणी प्यायली, नाडी कशी आहे, काय बोलली. पाणी दिल्यावर तिने आभार मानले, हेही त्याने टिपलं. २३ एप्रिलला ती गेली. आठवड्याभरात त्याने तिच्याविषयी काही पानं लिहिली. फिरायला जाताना ती गिरक्या घेत पुढे जायची. त्याच्यासाठी गुपचूप चिमूटभर तपकीर आणायची तेव्हा देण्याच्या आनंदाने तिचा चेहरा उजळायचा. त्याचे केस विंचरत बसायची. ती अभ्यासात कशी होती याने ती पानं भरलेली नाहीत.

कालनिर्णयच्या चौकटीत आपण दुधाचा खाडा आणि गॅस लावल्याची तारीख लिहितो. तिथेच कधीतरी मूल काय म्हणालं ते लिहावं. डार्विनच्या वहीत धाकट्या लेनीची अशीच एक नोंद आहे. सोफ्यावर उड्या मारायला बंदी होती. बापाने म्हटलं, तुला असं करताना मला बघायचं नाही. लेनी म्हणाला, मग तुम्ही खोलीबाहेर जावं असा माझा सल्ला आहे. एमाही त्या वहीत लिहायची. दोघांनी मिळून लिहिलं तर आणखी छान, कारण मूल बाबांपाशी वेगळं असतं आणि आईपाशी वेगळं.

आपल्या कामातला एखादा तुकडा मुलांना द्यावा, हेही मला त्या घराकडून घ्यावंसं वाटतं. नर भुंगे रानात ठरावीक जागी थबकतात असं डार्विनच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने पाच-सहा मुलांना एकेका जागी उभं केलं. भुंगा आला की मूल ओरडायचं. बाबांना मदत करतोय असं दाखवण्यासाठी ते नव्हतं. मुलांशिवाय ते काम खरोखरच झालं नसतं. आणि बाबांचे लिहून झालेले कागद मुलं चित्रांना घ्यायची. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या हस्तलिखिताची थोडीच पानं आज उरली आहेत. त्यांतल्या काहींच्या मागे मुलांची चित्रं आहेत. एका पानामागे फळांवर आणि भाज्यांवर स्वार झालेले सैनिक लढताहेत.

डार्विनची १५,००० हून अधिक पत्रं आज जपलेली आहेत, त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली. त्यांत शास्त्रज्ञांच्या रांगेत शाळेत राहणारा विल्यमही आहे. बाप त्याला घरच्या, भावंडांच्या बातम्या कळवतो. १८५१ च्या ऑक्टोबरातल्या पत्रात थोडा उपदेशही आहे: माणसांशी गोड वाग, नोकरांशीसुद्धा. पण तो एका घरगुती पत्राच्या पोटात आहे, वेगळा काढून बजावलेला नाही.

तुमचं मूल लातूरला, कोट्याला, पुण्याला हॉस्टेलवर असेल, तर त्याला एक पत्र लिहा. फोनवर आपण जेवलास का, टेस्ट कशी गेली, यापुढे जातच नाही. पत्रात कुंडीतल्या मिरचीला फूल आलं ते लिहा, आजीने पुन्हा चष्मा कुठे ठेवला ते लिहा, मांजर तुझ्या खोलीत झोपतंय ते लिहा. मार्कांबद्दल त्या पत्रात काहीच नको. उत्तर बहुधा यायचं नाही. पंधरा दिवसांनी दुसरं लिहा.