दगड गेले, लाकूड उरले

दगडी घर टिकाऊ आणि लाकडी घर नाशिवंत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. इंग्लंडमधील एका मध्ययुगीन गढीची हकीकत मात्र याहून निराळी आहे.

बर्मिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्य भागात ‘वीली कॅसल’ नावाचे एक स्थळ आहे. ‘कॅसल’ म्हणजे किल्ला. परंतु वस्तुतः ते एका जहागीरदाराचे तटबंदीचे राहते घर होते. आपल्याकडे अशा घराला गढी म्हणतात. इ. स. १२६४ मध्ये रॉजर द सोमेरी या सरदाराला इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने हे घर तटबंद करण्याचा परवाना दिला. घराला तट घालून त्यावर चर्या उभारायच्या, तर त्या काळी राजाची अनुमती घेण्याचा प्रघात होता. कारण शत्रूला थोपविणारा तट प्रसंगी राजालाही थोपवू शकतो. त्याच वर्षी सायमन द माँटफर्टच्या नेतृत्वाखाली अनेक सरदार राजाविरुद्ध लढत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या परवान्याचे मोल कळते.

पाण्याने भरलेला खंदक, त्याच्या आत दगडी तट व बुरूज, आणि तटाच्या आत राहण्याच्या इमारती, अशी या गढीची रचना होती. पुढे मालक बदलत गेले. सतराव्या शतकापर्यंत गढी मोडकळीस आली. मालक राहीनासा झालेला वाडा म्हणजे घडीव दगडांची आयती खाणच! अठराव्या शतकाच्या अखेरीस जवळून कालवा गेला, तेव्हा त्याच्या बांधकामासाठीही येथील दगड नेण्यात आले. आज तेथे ठेंगण्या भिंती आणि खंदकाची आखणी तेवढी दिसते.

विसाव्या शतकात तेथे उत्खनन झाले. त्यात १९५५ ते १९६२ या काळात एक विलक्षण गोष्ट उजेडात आली. जमिनीखाली एका लाकडी स्वयंपाकघराचे अवशेष सापडले. तेही तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, म्हणजे राजाच्या परवान्याहूनही जुने! हे लाकूड सातशे वर्षे टिकले कसे? सदैव पाण्याने भिजलेल्या जमिनीत हवेचा शिरकाव जवळजवळ होत नाही, आणि हवेवाचून लाकूड कुजविणारे सूक्ष्म जीव फोफावत नाहीत. ज्या दगडांचा लोकांना उपयोग होता, ते लोकांनी नेले. ज्या फळ्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, त्या ओल्या मातीने सांभाळल्या. त्या काळी चूल कोठे पेटत असे आणि फळ्यांची भिंत कशी रचीत, हे त्यांच्यावरूनच अभ्यासकांना समजले.

आपल्याकडेही अनेक गावांत जुन्या गढ्या ढासळत आहेत. त्यांची पांढरी माती कोणी घरासाठी, कोणी शेतासाठी नेतो. गरजू माणसाला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. परंतु मातीबरोबर तिच्यातील पुरावाही जातो, आणि तो परत मिळत नाही. म्हणून सुटीत गावी गेलात, तर वडीलधाऱ्यांना विचारून गढीचा दरवाजा, विहीर आणि बुरूज कोठे होते याचा एक साधा नकाशा वहीत काढून ठेवा. गढी राहिली नाही, तरी ती कोठे आणि कशी होती हे त्या वहीवरून पुढच्या पिढीला सांगता येईल.